कपाळावर राख का लावतात? ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा अर्थ

दरवर्षी फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला एक बुधवार असा येतो, की टीव्हीवर, फोनवर, नाहीतर ऑफिसच्या लिफ्टमध्ये काही लोकांच्या कपाळावर करडा, विस्कटलेला डाग दिसतो. नीट पाहिलं तर तो क्रूस असतो. घाईत पाहिलं तर ‘अहो, कपाळाला काहीतरी लागलंय’ असं सांगावंसं वाटतं, आणि कुणी ना कुणी सांगतंच. 2026 मध्ये हा बुधवार 18 फेब्रुवारीला आला. त्याच आठवड्यात रमझानही सुरू झाला, त्यामुळे हे दोन्ही उपवास एकच का, असा गोंधळ होणंही साहजिक होतं. एकच नाहीत. रमझान निव्वळ चांद्र वर्षावर चालतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. ख्रिस्ती उपवासकाळ मात्र वसंतातल्या एका पौर्णिमेला बांधलेला आहे. त्या वर्षी दोघांची गाठ पडली, इतकंच.

या दिवसाला राखेचा बुधवार किंवा भस्माचा बुधवार म्हणतात. इथून जो काळ सुरू होतो तो उपवासकाळ, म्हणजेच प्रायश्चित्तकाळ, इंग्रजीत लेंट. तो संपतो ईस्टरला, म्हणजे येशू मरणातून उठला असं ख्रिस्ती लोक मानतात त्या दिवसाच्या सणाला. एवढे शब्द पुरेत. ‘पश्चात्ताप’ या शब्दाकडे मात्र सावकाश यावं लागेल, कारण सगळी गंमत आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आधी दिवसांचा हिशेब

हा काळ चाळीस दिवसांचा म्हणतात. पण कॅलेंडर घेऊन राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर दिवस भरतात 46. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच मानला जातो आणि सणाच्या दिवशी उपवास नसतो. म्हणून चाळीस.

पूर्वी हा आकडाही पक्का नव्हता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीनं 36 दिवसांचा हिशेब सांगितला होता: सहा आठवड्यांचे 42 दिवस, वजा सहा रविवार. त्यात त्याला वर्षाचा दशांश दिसला, जणू उत्पन्नाचा दहावा भाग देवाला द्यावा तसा आयुष्याचाही द्यावा. पुढे कुणाला तरी चार दिवस कमी पडताहेत असं वाटलं आणि सुरुवात रविवारवरून मागच्या बुधवारवर आली. जगभर ओळखला जाणारा हा बुधवार मुळात अशी चार दिवसांची ठिगळजोड आहे.

चाळीसच का? बायबलमध्ये हा आकडा थांबण्याचा आणि तयारीचा आहे. मोशे चाळीस दिवस सीनाय पर्वतावर होता. एलीया संदेष्टा चाळीस दिवस चालून होरेब पर्वतावर पोचला. मिसरमधून सुटलेले लोक चाळीस वर्षं रानात भटकले, आणि येशू बाप्तिस्म्यानंतर, म्हणजे पाण्यानं होणाऱ्या दीक्षाविधीनंतर, चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला. लॅटिनमध्ये या काळाचं नावच ‘चाळिसावा’ अशा अर्थाचं आहे, इटालियनमध्ये त्याचं झालं ‘क्वारेझिमा’. जाता जाता: प्लेगच्या दिवसांत जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवत, त्या ‘क्वारंता’वरूनच आपला ओळखीचा क्वारंटाइन आला. दोन्ही शब्द एकाच घरातले.

तारीख का बदलते, तर ईस्टर 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी असतो. ही पौर्णिमाही आकाशात पाहून नव्हे, चर्चच्या गणितानं ठरते. त्यामुळे राखेचा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्च यांच्या दरम्यान कुठेही पडतो. 2018 आणि 2024 मध्ये तो 14 फेब्रुवारीला, म्हणजे नेमका व्हॅलेंटाइन डेला आला होता. 2029 मध्ये पुन्हा येईल.

राख कुठून येते?

ईस्टरच्या आधीच्या रविवाराला झावळ्यांचा रविवार म्हणतात. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी फांद्या हलवत जयजयकार केला, त्याची ती आठवण. त्या दिवशी चर्चमध्ये झावळ्या वाटतात, लोक त्या घरी नेतात, वर्षभर ठेवतात. पुढच्या वर्षी त्या वाळलेल्या झावळ्या गोळा करून जाळतात, आणि तीच राख कपाळावर येते.

यातला टोला सहज निसटतो. जयजयकार करणाऱ्या त्याच शहरात पाच दिवसांनी ‘याला क्रूसावर द्या’ अशी ओरड झाली होती. म्हणजे ही राख साधी चुलीतली नाही. आपल्याच गेल्या वर्षीच्या उत्साहाची ती राख आहे.

लावताना धर्मगुरू दोनपैकी एक वाक्य म्हणतात. जुनं वाक्य बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावरून आलेलं: तू माती आहेस आणि मातीला मिळशील, हे ध्यानात ठेव. दुसरं मार्कच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारपैकी एका पुस्तकातलं, येशूच्या तोंडचं: पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. पहिलं वाक्य ऐकून बाहेरच्या माणसाला धक्का बसतो. कडेवरच्या बाळाच्या कपाळाला बोट लावून ‘तू मरणार आहेस’ म्हणायचं, ही काय पद्धत? पण ते वाक्य धमकी नाही, वस्तुस्थिती आहे, आणि ते बाळाला, आजोबांना, श्रीमंताला, भिकाऱ्याला एकाच आवाजात सांगितलं जातं. दिवस मोजके आहेत हे कळल्याशिवाय ‘उद्या बदलू’ हे पालुपद थांबत नाही.

‘पश्चात्ताप’ हा शब्द थोडा फसवा आहे

आपल्या मराठी शब्दाची फोड करा: पश्चात् अधिक ताप. मागाहून होणारा ताप. म्हणजे चूक झाली, नंतर मनाला चटका बसला. हा शब्द भावनेचा आहे आणि भूतकाळाकडे तोंड करून उभा आहे. म्हणून ‘पश्चात्तापाचा काळ’ म्हटलं की चाळीस दिवस तोंड पाडून बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात.

मूळ शब्दांत हा सूर नाही. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेटानोइया: मन बदलणं, विचारांची घडणच पालटणं. जुन्या करारातल्या हिब्रूमध्ये जे क्रियापद वारंवार येतं ते त्याहून साधं: शूव, म्हणजे परत फिरणं. पायांचा शब्द. राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याचा जो उतारा वाचतात त्यात हीच हाक आहे: माझ्याकडे परत फिरा, कपडे फाडू नका, अंतःकरणं फाडा.

रस्ता चुकल्यावर गाडीत बसून हळहळणं म्हणजे ताप. यू-टर्न घेणं म्हणजे शूव. हळहळ वाटल्याशिवाय बहुतेक जण वळत नाहीत हे खरं, पण हळहळत हळहळत त्याच रस्त्यानं पुढे जाणारेही पुष्कळ असतात.

शुभवर्तमानांत हा फरक येशूच्या दोन शिष्यांच्या रूपानं शेजारी शेजारी ठेवलेला आहे. यहूदानं येशूला तीस नाण्यांना विकलं. पेत्रानं त्याच रात्री ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असं तीनदा सांगितलं. दोघांनाही नंतर भयंकर वाईट वाटलं. यहूदानं पैसे परत फेकले आणि गळफास घेतला. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला, आणि पुढे परत आला. शुभवर्तमानकार मत्तय यहूदाच्या पस्ताव्यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरतो ते मेटानोइयाच्या कुळातलं नाहीच, वेगळं आहे. यहूदाला कमी वाईट वाटलं असं कुणी म्हणू शकणार नाही. त्याला परत फिरायला जागा आहे असं वाटलं नाही, एवढाच फरक, आणि तो केवढा मोठा.

तिसरं उदाहरण जक्कयचं. हा जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा शुभवर्तमानकार लूकनं त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याचं काही लिहिलेलं नाही. जक्कय उभा राहून हिशेब सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. मेटानोइया रुपया-पैशात मोजून दाखवणारा हा माणूस मला या सगळ्या विषयातला सर्वांत उपयोगी शिक्षक वाटतो.

मग राखेनं पाप धुतलं जातं का?

नाही. कॅथलिक चर्चच्या शिकवणीतही नाही. पापकबुली हा संस्कार वेगळा. राख ही फक्त खूण आहे, म्हणूनच ती ख्रिस्ती नसलेल्यालाही लावून घेता येते.

गाडीचा इंडिकेटर लावला म्हणून गाडी वळत नाही. पण मागच्याला कळतं, आणि तुम्हालाही आठवतं, की वळायचं आहे. इंडिकेटर लावून सरळ निघून जाणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या गोष्टीत निनवे शहराला नाशाआधी चाळीस दिवसांची मुदत मिळते. राजा राजवस्त्रं उतरवून गोणपाट नेसतो, राखेत बसतो. गुराढोरांनाही गोणपाट घालतात. यावर ज्यूंच्या मिश्ना या प्राचीन ग्रंथात एक मार्मिक टिपणी आहे: देवानं त्यांचे गोणपाट आणि त्यांचा उपवास पाहिला असं तिथे लिहिलेलं नाही, त्यांची कृत्यं पाहिली, ते वाईट मार्गावरून वळले हे पाहिलं, असं लिहिलंय. आणि हे वाचून दाखवायचे ते दुष्काळातल्या उपवासाच्या दिवशी, डोक्यावर राख घातलेल्या लोकांनाच!

पूर्वी ही राख सगळ्यांसाठी नव्हती

सुरुवातीच्या शतकांत चर्चपुढे एक पेच होता. बाप्तिस्म्यानं पापं धुतली जातात असं मानायचं, पण बाप्तिस्म्यानंतर कुणी खून केला, व्यभिचार केला, किंवा छळाला घाबरून धर्मच नाकारला तर? काहींचं म्हणणं होतं, अशांना पुन्हा दार नाही. अखेर वाट निघाली ती सार्वजनिक प्रायश्चित्ताची: जहाज फुटल्यावर हाताला लागणारी दुसरी फळी, असं त्या काळच्या लेखकांनी तिचं वर्णन केलंय. मात्र ती सहसा आयुष्यात एकदाच मिळे, आणि ती सोपी नव्हती. हे लोक जाडंभरडं नेसून, अंगावर राख घेऊन सगळ्यांसमोर उभे राहत. प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, त्यांना मज्जाव असे. पुढे अशी प्रथा पडली, की उपवासकाळाच्या तोंडाशी त्यांना चर्चबाहेर काढायचं आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी हात धरून परत आत आणायचं.

याच आठवड्यांत आणखी एक गट तयारी करत असे: ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे नवे लोक. म्हणजे दारातून एका बाजूनं नवे येणार, दुसऱ्या बाजूनं दुरावलेले परतणार, आणि आतले जुने लोक दोघांसाठी प्रार्थना करत उपवास धरणार. काळाचा मूळ आराखडा हा असा होता.

हळूहळू उघड प्रायश्चित्त मागे पडलं, खासगी पापकबुली रूढ झाली. राख मात्र गेली नाही, उलट पसरली. 1091 मध्ये बेनेवेंतोच्या धर्मसभेत दुसरा पोप अर्बन यानं सगळ्यांनीच राख घ्यावी असं सांगितलं. गुन्हेगारांची खूण धर्मगुरूंच्या आणि सामान्यांच्या, सगळ्यांच्या डोक्यावर आली. आजही रोममध्ये सांता साबिना या चर्चमध्ये पोप स्वतः मान झुकवून डोक्यावर राख घेतो.

याचे दोन अर्थ लावता येतात. एक, कडक गोष्टीचं उपचारात रूपांतर झालं, धार गेली. दुसरा, ‘ते पापी’ आणि ‘आम्ही’ ही रेघ पुसली गेली. मला दुसऱ्यात जास्त तथ्य वाटतं. बायबलमधल्या दावीद राजानं आपल्याच सैनिकाच्या, उरीयाच्या, बायकोला आपलंसं केलं आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्यानं त्याला एक गोष्ट सांगितली: एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती एक मेंढी पळवली. दावीद संतापला, ‘तो मरणाला पात्र आहे’ म्हणाला. नाथान म्हणाला, ‘तूच तो माणूस.’ दुसऱ्याच्या मेंढीवर आपल्याला न्याय फार पटकन सुचतो. म्हणून रांगेत सगळेच हवेत. दावीदाच्या नावावर असलेलं 51वं स्तोत्र राखेच्या बुधवारी म्हणतात, ते याच गोष्टीचं स्तोत्र.

येशूनं तर दिखावा करू नका सांगितलं होतं!

हा आक्षेप सगळ्यांत धारदार आहे, आणि गंमत म्हणजे तो चर्च स्वतःच दरवर्षी पुढे करतं. राखेच्या बुधवारी वाचायचा शुभवर्तमानाचा उतारा मत्तयच्या सहाव्या अध्यायातला आहे. त्यात येशू म्हणतो: दान करताना पुढे कर्णा वाजवू नका; प्रार्थना खोलीचं दार लावून करा; उपवास करताना चेहरा म्लान करू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपवास लोकांना दिसणार नाही. हे ऐकायचं, आणि काही मिनिटांनी उठून कपाळावर राखेचा ढळढळीत क्रूस घेऊन कामावर जायचं.

बचाव करता येतो. खूण वैयक्तिक तपश्चर्येची नाही, सगळ्या समुदायानं मिळून घेतलेली आहे. ती ‘मी किती सोवळा’ असं म्हणत नाही, ‘मीही चुकणाऱ्यांपैकी’ असं म्हणते. शिवाय कपाळावर क्रूस काढण्याची पद्धत सगळीकडे नाही. रोममध्ये राख टाळूवर भुरभुरवतात, ती कुणाला फारशी दिसत नाही. करोनाच्या साथीत, 2021 मध्ये, स्पर्श टाळण्यासाठी व्हॅटिकननं जगभर हीच भुरभुरवण्याची पद्धत वापरायला सांगितली होती.

तरी हा बचाव पुरा पडत नाही, असं मला वाटतं. राखेसकट काढलेला सेल्फी पोस्ट करताना माणूस कोणत्या बाजूला असतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण ही विसंगती मिटवून टाकण्यापेक्षा तशीच ठेवणं जास्त प्रामाणिक आहे. खूण आणि खुणेबद्दलचा इशारा एकाच दिवशी, एकाच छपराखाली. फार थोड्या विधींमध्ये स्वतःवरची टीका अशी आत शिवलेली असते.

उपवास पोटाचा की आणखी कशाचा?

कॅथलिक नियम ऐकून कडक उपवास धरणाऱ्यांना हसू येईल. पूर्ण उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंतच्यांसाठी. त्यातही एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडं थोडं खाता येतं. या दोन दिवशी आणि काळातल्या शुक्रवारी मांस नाही, हे चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे. आजारी माणसं, गर्भवती यांना सूट. ही सैल रचना 1966 मध्ये सहाव्या पोप पॉलनं लावून दिली, आणि तिच्यामागचा विचार असा की किमान नियम थोडा ठेवावा, बाकी ज्यानं त्यानं स्वतः ठरवावं. म्हणूनच कुणी दारू सोडतं, कुणी गोड, कुणी रात्रीचा मोबाइल.

यावर नेहमीचा शेरा असतो: चॉकलेट सोडून देवाला काय मिळणार? देवाला काही मिळत नाही. पण पुन्हा गाडीचंच पाहा. चाकांची अलाइनमेंट थोडी बिघडली की गाडी एका बाजूला ओढते. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण त्याचा हात नकळत स्टिअरिंग दुसरीकडे धरून ठेवतो आणि त्याची सवय होऊन जाते. मोकळ्या रस्त्यावर पकड क्षणभर सैल केली, की गाडी कुठे ओढतेय ते उघड दिसतं. उपवास म्हणजे ही पकड सैल करणं. रोजची एक छोटी सोय काढून घेतली की चौथ्या दिवशी चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीतून कळतं की आपण कशाच्या आधारानं दिवस ढकलत होतो.

मग हे आणि डाएट यांत फरक काय? वाचलेलं कुठे जातं, हा. मत्तयच्या त्याच अध्यायात प्रार्थना, उपवास आणि दान ही तीन एकत्र येतात. पाचव्या शतकातला रावेन्नाचा बिशप पेत्रुस क्रिसोलोगस म्हणायचा, की ही तीन एकमेकांपासून तोडू नका: प्रार्थना दार ठोठावते, उपवास मागणं मिळवतो, दया ते पदरात घेते. यशया संदेष्टा तर आणखी रोखठोक. उपवास करूनही देव बघत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना तो देवाच्या वतीनं सुनावतो, की उपवासाच्या दिवशी तुम्ही मजुरांना पिळून घेता. मला हवा तो उपवास म्हणजे बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, उघड्याला वस्त्र देणं. एक जेवण टाळून त्याचे पैसे पाकिटातच राहिले, तर ती बचत झाली.

बायबलमध्ये हा काळ आहेच कुठे?

नाही. येशूनं चाळीस दिवस उपवास केला, पण ‘तुम्हीही दरवर्षी करा’ असं कुठे सांगितलेलं नाही. म्हणूनच प्रोटेस्टंट सुधारकांनी यावर हल्ला चढवला. 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकानं आपल्या दमलेल्या कामगारांना सॉसेज खाऊ घातले. तिथे हजर असलेल्या झ्विंगली या धर्मसुधारकानं स्वतः खाल्ले नाहीत, पण नंतर प्रवचनातून त्यांची बाजू घेतली: खाणंपिणं माणसाच्या विवेकावर सोडा, सक्ती करू नका. तिथली धर्मसुधारणा या सॉसेजपासून सुरू झाली असं म्हणतात. आजही अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या हा काळ पाळत नाहीत. काही पाळतात, पण ऐच्छिक म्हणून.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा मुद्दा वेगळा आणि अधिक खोल होता. 1517 च्या त्याच्या पंचाण्णव सूत्रांतलं पहिलंच सूत्र सांगतं, की येशूनं ‘पश्चात्ताप करा’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्यांचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असा त्याचा आशय होता. मग सगळं आयुष्य असेल तर चाळीस दिवसांचं वेगळं काय काम? माझ्या मते उत्तर साध्या अनुभवात आहे. जे ‘नेहमी’ करायचं असतं ते राहून जातं. हिशेब रोज लिहावा हे खरं, तरी वर्षाअखेर वह्या मिटवायला एक मुदत लागतेच.

सगळे बुधवारी सुरू करत नाहीत

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये राखही नाही आणि बुधवारही नाही. तिथे महाउपवास सोमवारी सुरू होतो, आणि त्यांचा ईस्टर बहुतेकदा वेगळ्या रविवारी पडतो, कारण गणित जुन्या ज्युलियन पंचांगाचं. (2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिलला जुळले होते.) उपवासही बराच कडक: मांस, अंडी, दूधदुभतं सगळं बंद. मिलानच्या जुन्या आम्ब्रोसियन परंपरेत सुरुवात अजून रविवारीच होते, त्यामुळे तिथला कार्निव्हल, म्हणजे उपवासाआधीचा खाण्यापिण्याचा उत्सव, चार दिवस जास्त चालतो.

ऑर्थोडॉक्स सुरुवात बघण्यासारखी आहे. आदल्या संध्याकाळी, क्षमेच्या रविवारी, चर्चमधला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकासमोर जातो आणि वाकून म्हणतो, मला क्षमा कर. समोरचा म्हणतो, देव क्षमा करो, आणि मग तोच उलट मागतो. बायको नवऱ्याकडे, धर्मगुरू लहान मुलाकडे. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही तोही रांगेत असतोच. राख लावून घेणं त्यामानानं सोपं.

हे अपराधगंडाला खतपाणी नाही का?

होऊ शकतं. चर्चला हा धोका जुन्या काळापासून ठाऊक आहे. लोयोलाच्या इग्नाशियसला, सोळाव्या शतकातल्या या स्पॅनिश संताला, स्पेनमधल्या मनरेसा इथे राहत असताना जुनीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करण्याचा नाद लागला. कितीही सांगितलं तरी काहीतरी राहिलं असंच वाटे, जीव नकोसा झाला. त्यातून सुटल्यावर त्यानं अशा शंकेखोर मनासाठी वेगळे नियमच लिहून ठेवले. कुढत बसणं म्हणजे भक्ती नव्हे, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं होतं.

अपराधगंड म्हणतो, मी वाईट आहे. मेटानोइया म्हणते, मी अमुक केलं, ते असं निस्तरतो. पहिल्यात विषय ‘मी’ असतो, दुसऱ्यात ज्याचं नुकसान झालं तो. जक्कयची चौपट रक्कम कुणाकुणाला जाणार होती ते आठवा.

आणि इथे एक कबुली द्यायला हवी. पश्चात्तापाची भाषा ताकदवान लोकांच्या हातात फार सोयीची होते. दुबळ्याला ‘तूच क्षमा कर’ म्हणायचं आणि आपण राख लावून मोकळं व्हायचं, असंही घडतं. त्यावर चर्चजवळ उत्तर आहे, पण ते यशयाच्या त्या उताऱ्यातलं, आणि तो उतारा राखेइतका लोकप्रिय नाही.

मग राख पुसायची कधी?

असाही प्रश्न विचारतात, आणि याचं उत्तर मात्र सोपं आहे: नियम काहीच नाही. काही जण रात्री झोपेपर्यंत ठेवतात. काहींची दुपारच्या घामानं आपोआप जाते. कुणी चर्चच्या पायऱ्या उतरतानाच रुमालानं टिपून टाकतं. त्यात लाज आहे की नम्रता, हे बाहेरून ठरवता येत नाही. त्या सकाळी वाचलेल्या उताऱ्यात तर येशूचं म्हणणं स्पष्टच आहे: उपवास करशील तेव्हा तोंड धू.